झिंग्यातला काळा दोरा

त्या दिवशी पाहुण्यांनी मिटक्या मारत खाल्लेली टिक्की आमच्या टाकीत वाढलेली नव्हती. तिच्यातला झिंगा मी सकाळी बडनेऱ्याच्या बाजारातून, भाजीच्या पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून आणला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कंपनीत नाही, घरी नाही. बायको अजूनही आल्यागेल्याला कौतुकाने सांगते की आमच्या ह्यांनी जीव न घेता झिंगा बनवला होता. तेव्हा मी पेपर वाचत असतो. त्या पेपरातलं एक अक्षरही मला कधी आठवत नाही.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. झिंगा हा माझा हातखंडा विषय. त्याच्या पचनसंस्थेची आकृती मी रंगीत खडूंनी अशी काढायचो की पोरं ती पुसू द्यायची नाहीत. पाठीतून थेट शेपटीपर्यंत जाणारी आतड्याची सरळ रेघ शेवटी काढायची आणि फळ्यावर डस्टर आपटून म्हणायचं, "ही विसरलात तर दोन मार्क गेले." दरवर्षी कुणीतरी विसरायचंच. मी लाल पेनाने गोल करायचो आणि मनातल्या मनात त्या पोराची कीव करायचो.

एवढं असून झिंगा मी कधी साफ केला नव्हता. आमच्या घरी मासळी शिजत नाही. मी जन्मभर जो झिंगा पाहिला तो एकतर फळ्यावरचा, नाहीतर बरणीतला.

नोकरी लवकर सोडली, त्याची कारणं इथे नकोत. घरी बसून सहा महिने झाले आणि एका तरुणाचा फोन आला. पुण्यात वाढलेला, अमरावती त्याचं आजोळ. आजोळची एमआयडीसीतली शेड रिकामी पडली होती. तिच्यात त्याला प्रयोगशाळेतला झिंगा वाढवायचा होता. जिवंत झिंग्याच्या चार पेशी घ्यायच्या, त्यांना गुलाबी रंगाचं पोषक पाणी पाजायचं, टाकीत वाढवायच्या, की झालं मांस तयार. ना जाळं, ना सुरी, ना पाप. मी म्हणालो, समुद्र इथून फार लांब आहे. तो म्हणाला, "सर, तोच तर पॉइंट आहे."

शेडवर पाटी लागली: "समुद्र आता वऱ्हाडात." पाटीखाली पाण्याचा टँकर उभा असायचा, कारण समुद्र आला तरी नळाला पाणी आलं नव्हतं.

मला 'मुख्य शास्त्रज्ञ' असं कार्ड मिळालं. कॉलेजात वीस-पंचवीस वर्षांत मला साधं कपाट स्वतंत्र मिळालं नव्हतं; इथे दारावर नाव. मी रोज सकाळी अकोल्याहून गाडीने बडनेऱ्याला यायचो, तिथून ऑटोने शेडवर. डब्यातले लोक विचारायचे, "काय चालू आहे सर सध्या?" मी म्हणायचो, "संशोधन." हा शब्द उच्चारला की माझी मान आपोआप थोडी ताठ व्हायची. पुढे जे घडलं ते त्या मानेमुळे घडलं असं मला वाटतं.

संशोधनाची हकीकत अशी होती की झिंग्याच्या पेशी हट्टी. आठवडाभर तग धरायच्या, मग मरायच्या. मग पुन्हा नवे जिवंत झिंगे आणा, पुन्हा पेशी काढा. म्हणजे जीव न घेता झिंगा बनवण्यासाठी आम्हाला दर आठवड्याला किलोभर जीव लागायचे. हे मी एकदा मीटिंगमध्ये बोललो. तो तरुण, म्हणजे आता माझा मालक, मला समजावत म्हणाला, "सर, आपण झिंगा नाही बनवत आहोत, आपण भविष्य बनवतोय." मी म्हणालो, "भविष्य आठव्या दिवशी आंबतं आहे." सगळे हसले. मीही हसलो. मी त्यांच्यातला विनोदी म्हातारा होतो.

कापाकापी लॅबमधल्या मुली करायच्या. मी सही करायचो.

झिंगे यायचे बडनेऱ्याच्या एका मासळीवाल्या बाईकडून. धरणावरची मासळी ठेकेदार पहाटे बाजारात उतरवायचा आणि मासळीने भरलेल्या पाट्यांचा लिलाव व्हायचा. तिथे एक रीत होती, ती मी कितीदा तरी उभं राहून पाहिली. बोली लागण्याआधी ही बाई प्रत्येक पाटीवर वाकायची, वास घ्यायची, आणि माल शिळा असेल तर काही न बोलता पाटी पायाने बोटभर बाजूला सरकवायची. बस. त्या पाटीला मग एकही बाई बोली लावायची नाही. ठेकेदार शिव्या घालायचा, पण तिच्या नाकापुढे त्याचं चालायचं नाही. बाकीच्या आठ-दहा बायकांचं दिवसाचं पोट त्या नाकावर होतं. शिळा माल गळ्यात पडला तर संध्याकाळी तो फेकावाच लागायचा.

ती मला मास्तर म्हणायची. "मास्तर, तुमचा मशीनीतला झिंगा डोये उघडते का अजून?"

"डोळे नसतात त्याला. नुसतं मांस."

"डोये नाई, मिशा नाई. मंग त्याले झिंगा काहून म्हनता? मासाचा गोया म्हना."

मालकाने तिला एकदा पाहिलं आणि त्याला ती फोटोसाठी पसंत पडली. आमचा चव घेण्याचा मोठा कार्यक्रम ठरत होता. पैसे लावू पाहणारी मंडळी मुंबईहून येणार होती. मालक म्हणाला, मावशींना पहिल्या रांगेत बसवू, स्थानिक तज्ज्ञ म्हणून. ज्यांनी जन्म मासळीत काढला, त्यांना फरक कळला नाही म्हणजे आपण जिंकलो.

आणि दुसरा पाहुणा मी दिला. जठारपेठेत आमच्या गल्लीत एक दालमिलवाले काकाजी आहेत. पंच्याहत्तरीचे. माझे वडील गेले तेव्हा खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले. मासळी सोडा, केक पुढे आला तरी "अंडं नाही ना यात?" असं तीनदा विचारून मग चाखणारा माणूस. मालकाला असाच माणूस हवा होता: कट्टर शाकाहारी, ज्याने सगळ्यांसमोर झिंगा खावा. मी काकाजींना तयार केलं. त्यांना कंपनीत रस नव्हता. ते फक्त एवढंच म्हणाले, "बेटा, जीव नाही ना जात कोनाचा? तू म्हनतं तं खातो."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी साडेसातला मी टाकीचं झाकण उघडलं. गुलाबी पाणी पांढरट झालं होतं आणि आंबलेल्या इडलीच्या पिठासारखा वास येत होता. रात्रीतून जंतू शिरले होते. तीन महिने दर आठवड्याला नव्या पेशी घालून जपलेला लगदा गेला. बाहेर मांडववाला खुर्च्यांना पांढरी कव्हरं चढवत होता. मालक हॉटेलच्या स्वयंपाक्याला सांगत होता की ताटं मोठी आणि टिक्की छोटी, म्हणजे वस्तू महाग वाटते.

त्या घडीला मालकाच्या खांद्यावर हात ठेवून "टाकी नासली, पाहुण्यांना चहा देऊन परत पाठवा" एवढं म्हणायला हवं होतं. तो चिडला असता, कदाचित रडला असता. तरुण होता, सावरला असता. मी झाकण लावलं आणि ऑटो पकडली.

बाई दुकान आवरत होती. अकरा वाजता कंपनीची गाडी तिला न्यायला येणार होती. हिरवं जरीचं पातळ पिशवीत घालून आणलं होतं, पाट्या धुतल्या की नेसायला.

"मास्तर, आज कायले पायजे झिंगे? आज तं तुमचा मशीनीतला खाचा हाये ना?"

"तुलनेसाठी," मी म्हणालो. "एक ताट खरं, एक आमचं."

"हां, सासूनं सुनेची भाजी चाखावं तसं." ती हसली आणि तागडीत झिंगे टाकले. "सोलून देतो. दोरा काढून देऊ का?"

"राहू द्या, घाई आहे."

"दोन मिन्टाचं काम हाये जी."

"राहू द्या म्हटलं ना."

"बरं बापा. पन ताकात धुवा. धरन आटलं हाये, चिखलाचा वास येऊन राहिला याले."

दोरा म्हणजे काय हे मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात शिलाईचा दोरा आला आणि गेलाही. जी रेघ मी फळ्यावर जन्मभर काढली, जिच्यासाठी पोरांचे दोन-दोन मार्क कापले, तीच ही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. लॅबच्या मिक्सरमध्ये झिंगा फिरवला. जाडसरच ठेवला, दाताखाली लागावा म्हणून. बेसन आणि मीठ घातलं आणि डबा स्वयंपाक्याच्या हाती दिला. ताकाची आठवण झाली नाही. कोथिंबीर मात्र बारीक चिरली.

मांडवात कूलर लावले होते. ते गरम हवा जागच्या जागी फिरवत होते. मालक पडद्यावर समुद्राचे फोटो दाखवत होता आणि मुंबईची मंडळी रुमालाने मान पुसत समुद्र पाहत होती. बाई पहिल्या रांगेत, हिरव्या पातळात, हात मांडीवर ठेवून, शाळेच्या तपासणीला बसल्यासारखी. तिच्या शेजारी काकाजी, पांढरीशुभ्र टोपी. ताटं आली. मोठी ताटं, मधोमध रुपयाएवढी टिक्की.

"पहिला घास मावशींचा!" मालक माइकवर म्हणाला. कॅमेरा तिच्यापुढे आला.

तिने घास तोंडात टाकला. चावला. थांबली. मग दोन बोटं तोंडात घालून एक काळा, अर्ध्या बोटाएवढा दोरा काढला, ताटाच्या काठावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर," ती अगदी हळू म्हणाली, "ताट बदललं वाटते. थे तुलनेवालं आलं माह्यापुढं."

आज मला ते वाक्य लख्ख कळतं. ती मला आडोसा देत होती. मी नुसतं "अरे हो, बदललं" म्हणालो असतो तर ताटं परत गेली असती आणि पाच मिनिटांत काहीतरी निभावून नेता आलं असतं. मी मान हलवली. नकाराची.

तेवढ्यात काकाजींनी चमचा उचलला. बाई ताडकन उभी राहिली.

"अवो बाबाजी, थांबा! खाऊ नका तुमी. हा माहा झिंगा हाये. सकायी माह्या पाटीत होता!"

मांडवात हशा फुटला. मालकाने टाळी वाजवली. "पाहिलंत? याहून मोठी पावती नाही! मावशींना आपला झिंगा त्यांचाच वाटला!"

"वाटला नाई, हायेच." ती हसत नव्हती. तिने दोरा बोटावर घेऊन वर धरला. "हे आतडं पाहा. मशीनीतल्या झिंग्याले आतडं कुठून आलं? तो मशीनीत बसून जेवला कवा?"

हशा अर्ध्यात थांबला. मुंबईचा एक गृहस्थ पुढे वाकून दोरा पाहू लागला. मालकाचा चेहरा उतरला. त्याला खरोखर काही माहीत नव्हतं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर?"

आणि माझ्या हातात माइक आला.

"ते आतडं नाही," मी म्हणालो. "ते समुद्री शेवाळ आहे. पेशींना वाढायला आधार लागतो, वेलाला मांडव लागतो तसा. म्हणून आम्ही शेवाळाचा धागा वापरतो. तो विरघळायला हवा होता. एखादा राहतो."

इतकं सोपं गेलं. जन्मभर शिकवलं की आवाजाला एक वळण पडतं. आत काय आहे याची चौकशी न करता तो खरा वाटत राहतो. मी हवेत बोटाने ती रेघही काढून दाखवली. डोक्यापासून शेपटीपर्यंत.

"अन् चिखलाचा वास?" ती म्हणाली. "शेवायाले धरनाचा वास येते का, मास्तर?"

"मावशी," मालक लाडाने म्हणाला, त्याला आता धीर आला होता, "सरांनी यात आयुष्य घातलंय हो." आणि सगळे पुन्हा हसले, पण आता तिच्यावर. कुणीतरी मागून म्हणालं, "बाईचा धंदा जाईल म्हणून घाबरली."

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी 'खा' म्हटलं. त्यांनी डोळे मिटून, देवाचा प्रसाद घ्यावा तशी, अख्खी टिक्की तोंडात टाकली.

बाई खाली बसली. दोरा तिने ताटात ठेवला आणि बोटं पुसली. कार्यक्रम संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, कारण तिला परत नेणारी गाडी भाषणं संपल्यावरच निघणार होती. जेवायला आग्रह केला तर "उपास हाये" म्हणाली. वारही उपासाचा नव्हता.

पुढची कथा हास्यास्पद आहे आणि तीही मीच घडवली. मालकाने तिचा व्हिडिओ टाकला: "हाडाच्या मासळीवालीलाही फरक कळला नाही!" तो व्हिडिओ बडनेऱ्याच्या बाजारात पोचला. पुढच्याच आठवड्यात ठेकेदाराने तिने बाजूला सारलेली पाटी पायाने परत जागेवर आणली. मी तेव्हा दोन पाट्या पलीकडे झिंगे घ्यायला उभा होतो.

"तुले मशीनीतला झिंगा वळखू येत नाई, साऱ्या जगानं पाह्यलं," तो म्हणाला. "तू कायले माहा माल बाद करतं?"

दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या पाटीला बोली लावली. दुपारी त्यांना ती पाटी नाल्यात ओतावी लागली. त्यानंतर बाई लिलावात वाकेनाशी झाली. आपली पाटी घ्यायची आणि कोपऱ्यात बसायचं. गिऱ्हाइकं गंमत करायची, "काहो, हा धरनाचा का मशीनीतला?" मी पुढच्या आठवड्यापासून झिंगे आणायला ड्रायव्हरला पाठवू लागलो.

शेडमध्ये मात्र निराळीच शिक्षा सुरू झाली. आमचा खरा झिंगा दोन महिन्यांनी चक्क जमला. खरोखर, टाकीतला, आतड्याशिवायचा. पाहुणे आले, त्यांनी चाखला आणि तोंड वाकडं केलं. "पहिल्यासारखी चव नाही." तो होता कसा, तर ओल्या कापसासारखा. मग मालकाने फर्मान काढलं की पहिली बॅच परत बनवा. मुली माझ्या जुन्या वह्या उलगडून बसल्या. त्या चवीला मालकाने 'मातीची खोली' असं नाव दिलं होतं. वर्षभर पगारी, शिकलेली, हुशार माणसं आटलेल्या धरणाच्या चिखलाचा वास रसायनांतून काढू पाहत होती आणि मी त्यांना मार्गदर्शन करत होतो. एक मुलगी तर शेवाळाच्या धाग्यावर टिपण लिहायला घेऊन आली, "सर, संदर्भ द्या ना." मी म्हणालो, "गोपनीय आहे." कंपनी पुढे बंगळुरूला गेली. मी गेलो नाही. प्रकृतीचं कारण दिलं.

गेल्या हिवाळ्यात बडनेरा स्टेशनवर, दिवसाउजेडी, ती समोर आली. डोक्यावर रिकामी पाटी. टाळायला जागा नव्हती.

"मास्तर, बरे हाये ना?"

"बरा आहे. तुम्ही?"

"आमी का, हावो." तिने पाटी डोक्यावरून उतरवली. "मी तुमाले ताट बदलाचा रस्ता देल्ला होता. तुमी घेतला नाई."

गाडी आली. मी चढलो. ती नागपूरकडे जाणारी गाडी होती. मला अकोल्याला जायचं होतं. धामणगावला उतरून दीड तास बाकावर बसलो.

काकाजी अजून आहेत. आता कमी दिसतं त्यांना. गल्लीत कुणी नवा माणूस भेटला की सांगतात, "मी झिंगा खाल्ला आहे. पाप न लागता. या मास्तरच्या भरवशावर." आणि माझा हात शोधून दाबतात. सांगितलं तर या वयात त्यांचं काय होईल, हे कारण मी स्वतःला देत आलो. कारण चांगलं आहे. माझी सगळीच कारणं चांगली असतात, शेवाळासारखी.

दोन गोष्टी मी अजून देणं लागतो. बडनेऱ्याच्या लिलावात, ठेकेदार आणि सगळ्या बायका समोर असताना, मोठ्याने म्हणायचं आहे की तो झिंगा हिचाच होता, दोरा आतड्याचा होता, हिचं नाक खरं आणि मी खोटा. आणि त्याआधी जठारपेठेत काकाजींना सांगायचं आहे की जीव गेला होता. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.